टाक्याखालचा फुगा आणि पत्रातली एक ओळ

प्रश्न : माझे मिस्टर ५१ वर्षांचे आहेत. पाच एकर कोरडवाहू वावर, सगळं घर त्यावरच. दीड वर्षापासून कमरेतून डाव्या पायात टोंगळ्याच्या खालपर्यंत कळ जायची. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली (एल-४ एल-५) गादी सरकलेली निघाली. नागपूरला नळी टाकून, लहान छेदाचं ऑपरेशन झालं. आज सोळावा दिवस. पायातली कळ दुसऱ्याच दिवशी गेली, अंगठा तेवढा बधिर आहे. पण नवव्या दिवसापासून टाक्याखाली लिंबाएवढा मऊ फुगा आला. लाल नाही, ताप नाही, गळत नाही. बाराव्या दिवशी टाके काढले तेव्हा तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी ‘जिरेल हळूहळू’ म्हटलं. आम्ही घाबरून यवतमाळला परत एमआरआय काढला, तर रिपोर्टात ‘फ्लुइड कलेक्शन’ लिहून आलं. गावातले डॉक्टर म्हणतात, सिरिंजनं ओढून घेऊ, दोन मिनिटांचं काम. सासूबाई रुईची पानं शेकून बांधा म्हणतात. दीर म्हणतो ऑपरेशन फसलं. उठून बसले की थोडं डोकं दुखतं त्यांचं, पण ते उन्हाचं असेल. मृग तोंडावर आला आहे. पेरणीला ते उभे राहतील का?
— एक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमचं सगळं पत्र फुग्याबद्दल आहे आणि डोकेदुखीबद्दल एकच ओळ. आम्ही त्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण फुग्यात काय आहे हे ठरवायला तीच जास्त उपयोगी आहे. ‘उठून बसले की’ हे तीन शब्द तुम्ही सहज लिहून गेलात. उन्हाची डोकेदुखी बसल्या-निजल्याचा हिशोब ठेवत नाही. ती सावलीत, पाणी पिऊन, झोप झाल्यावर उतरते. बसलं की चढणारी आणि आडवं झालं की उतरणारी डोकेदुखी वेगळी असते, आणि मणक्याच्या ऑपरेशननंतर तिचा अर्थ डॉक्टर एकच लावतात : मज्जारज्जू आणि नसांभोवतीचं पाणी कुठूनतरी झिरपत असावं. खात्री होईपर्यंत तसंच धरून चालायचं.

आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर हे करून पाहा. दुपारभर त्यांना नीट पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी द्या, म्हणजे उन्हाचा भाग वजा होईल. मग उशी काढून सपाट अर्धा तास निजवा. डोकं हलकं झालं का, विचारा. आता उठवून पाठ सरळ ठेवून पंधरा-वीस मिनिटं खुर्चीवर बसवा. डोक्याच्या मागच्या बाजूला किंवा कपाळावर ठणका परत आला, मान आखडली, मळमळलं, कानात गुणगुण झाली किंवा ऐकू दबल्यासारखं आलं आणि परत निजल्यावर हे सगळं ओसरलं, तर चाचणी ‘हो’ धरा. निजून-बसून काहीच फरक पडत नसेल तर ‘नाही’.

दुसरी चाचणी फुग्याची. पोटावर निजवून, हात स्वच्छ धुऊन, फुग्यावर चार बोटं अलगद ठेवा. दाबायचं नाही, नुसती ठेवायची. मग त्यांना खोकायला सांगा. खोकल्यासरशी फुगा बोटांना टणक लागून परत मऊ पडला, किंवा निजल्यावर बसणारा फुगा उभं राहिल्यावर ताठ भरून आला, तर आतला साठा मणक्याच्या नळीतल्या पाण्याशी जोडलेला असण्याची शक्यता वाढते. नुसता साचलेला साठा सहसा दिवसभर एकसारखा राहतो.

तिसरं काम कागदाचं. डिस्चार्ज कार्डावर ‘ऑपरेटिव्ह नोट्स’ किंवा ‘प्रोसिजर’ असा परिच्छेद असतो. त्यात ‘ड्युरा’, ‘ड्युरल टिअर’, ‘ड्युरोटॉमी’, ‘सीएसएफ लीक’, ‘फायब्रिन ग्लू’, ‘फॅट ग्राफ्ट’ यांपैकी एखादा शब्द सापडतो का पाहा. ड्युरा म्हणजे नसांभोवतीचं पिशवीसारखं आवरण, त्यात हे पाणी, म्हणजेच सीएसएफ किंवा बोलीत ‘मेंदूचं पाणी’, भरलेलं असतं. गादीचा तुकडा दीड वर्ष नसेला चिकटून बसलेला असला की तो सोडवताना या आवरणाला बारीक चीर पडू शकते. अनुभवी हातूनही पडते, तिला चूक म्हणत नाहीत. बहुतेक वेळा ती तिथल्या तिथे दिसते आणि बुजवली जाते. ‘ड्युरा इनटॅक्ट’ असं लिहिलेलं असेल तर चांगलंच, पण टाचणीच्या टोकाएवढी चीर ऑपरेशनच्या वेळी दिसत नाही आणि आठवड्याभरानं खोकताना किंवा शौचाला जोर लावताना उघडते, असंही होतं. म्हणून कार्डावर नाव नसलं तरी लक्षणांवर जास्त विश्वास ठेवा.

पहिली किंवा दुसरी चाचणी ‘हो’ आली, तर उद्या सकाळीच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा. ‘फुगा आहे’ एवढंच सांगू नका. ‘बसलं की डोकं दुखतं, निजलं की थांबतं’ हे वाक्य आधी सांगा, पलीकडचा माणूस ताबडतोब ताठ बसेल. ते बोलावतील तोपर्यंत भाऊंना सपाट निजवून ठेवा, जेवण आणि लघवी-शौचापुरतंच उठवा. नागपूरला न्यायचं झालं तर एसटीत बसवून नेऊ नका. गाडीची मागची सीट आडवी करून निजवून न्या. उपचाराला घाबरायचं कारण नाही. साठा लहान आणि कातडी कोरडी असेल तर पुष्कळदा काही दिवस सपाट विश्रांती, भरपूर पाणी आणि लक्ष ठेवणं एवढ्यावरही चीर मिटते. नाही मिटली तर रुग्णाचंच थोडं रक्त काढून त्या जागेजवळ सोडतात, ते गोठून चीर बुजते. कधी कमरेतून बारीक नळी टाकून चार-पाच दिवस पाण्याचा दाब कमी ठेवतात. त्यानंही न भागल्यास परत उघडून टाका घालतात.

एक गोष्ट मात्र थांबू देत नाही : टाक्यातून पाण्यासारखा स्वच्छ द्राव गळू लागला तर त्याच दिवशी निघायचं. बाहेरचे जंतू त्याच वाटेनं आत मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतात. ताप, मान वाकवता न येणं, उजेड सहन न होणं, बरळणं यांपैकी काही त्याच्यासोबत असेल तर दिवस-रात्र न बघता १०८ ला फोन. कोणी ग्लुकोमीटरची पट्टी लावून ‘यात साखर आहे, म्हणजे मेंदूचंच पाणी’ असं सांगेल, ते मानू नका. जखमेतून येणाऱ्या साध्या पिवळसर पाण्यातही साखर असते. खात्रीची तपासणी ‘बीटा-२ ट्रान्सफेरिन’ नावाची. निर्जंतुक डबीत थोडा द्राव घेऊन मोठ्या लॅबला पाठवावा लागतो, ते काम दवाखान्याचं.

आता समजा, तिन्ही चाचण्या ‘नाही’ आल्या. तुम्ही सांगितलेली लक्षणं पाहता फुगा सिरोमा, म्हणजे जखमेच्या पोकळीत साचलेलं साधं पाणी, असण्याची शक्यता तेवढीच मोठी आहे, कदाचित जास्तच. तो कसा होतो ते समजलं की अर्धी भीती जाईल.

नळीच्या ऑपरेशनमध्ये पाठीचे स्नायू हाडावरून सोलून काढत नाहीत. दोनेक सेंटिमीटरचा छेद देऊन एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या घालतात आणि स्नायूंचे धागे बाजूला सारून वाट करतात. आत गेल्यावर मणक्याच्या मागच्या हाडाची थोडी किनार कोरतात, तिथला पिवळा अस्थिबंध काढतात, नस बाजूला धरतात आणि सुटलेला गादीचा तुकडा बाहेर ओढतात. नळी काढल्यावर स्नायू जागेवर येतात, पण हाड-अस्थिबंध काढला त्या ठिकाणी पोकळी राहतेच. शरीराला रिकामी जागा खपत नाही. तुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून आणि रसवाहिन्यांमधून पिवळसर, गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी तिथं झिरपतं. मोठ्या छेदाच्या ऑपरेशनात हे पाणी बाहेर काढायला ड्रेनची नळी ठेवतात. लहान छेदात बहुतेक वेळा ड्रेन नसतो आणि वरची कातडी आठवड्याभरात घट्ट मिटते. पाणी तयार होणं मात्र आणखी काही दिवस सुरू असतं. वाट बंद, म्हणून फुगा. तुमच्याकडे तो नवव्या दिवशी दिसला, हे या हिशोबात बसतं. कमरेवर चरबीचा थर जाड असेल, माणूस पहिल्या आठवड्यात फार वाकला-वळला असेल, तर पाणी जास्त साचतं. मधुमेह असेल तर जखम भरायलाच वेळ लागतो. ऑपरेशनपूर्वीची साखर किती होती, कार्डावर बघा. जास्त असेल तर औषधाचं वेळापत्रक आजपासून घट्ट करा.

हे पाणी शरीर स्वतःच शोषून घेतं. साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, काहींना दोन-तीन महिनेही. पण ते कमी होत आहे, निदान वाढत नाही, हे दिसायला पाहिजे. त्यासाठी फुग्याच्या कडेनं बॉलपेननं कातडीवर गोल रेघ मारा, टाक्यापासून दोन बोटं लांब. रोज सकाळी त्याच वेळेला, पोटावर निजवून बघा. रेघेच्या आत राहिला तर ठीक. बाहेर गेला, कातडी चकचकीत ताणली गेली किंवा वरून गरम लागली तर फोन. मोबाईलवर रोज एक फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवून, म्हणजे डॉक्टरांना आकार कळतो. आंघोळीत रेघ पुसली की लगेच नवी मारू नका. आधी कालच्या फोटोशी ताडून बघा.

रिपोर्टातल्या ‘फ्लुइड कलेक्शन’ या शब्दांना मात्र घाबरू नका. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात एमआरआय काढला तर जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीत थोडं पाणी दिसतं, फुगा असो वा नसो. गादीही पूर्वीसारखी फुगलेली दिसू शकते, कारण तुकडा निघाला तरी तिथली सूज आणि भरून येणारी उती तसंच चित्र देते. त्यावरून ऑपरेशन फसल्याचं निदान करणं चूक आहे. दिराला सांगा, ऑपरेशनचा निकाल पायातल्या कळीवर ठरतो, आणि कळ दुसऱ्या दिवशीच गेली आहे. एमआरआयच्या टी-२ चित्रांत सिरोमा पांढरा, मेंदूचं पाणीही पांढरंच. नुसत्या चित्रावरून दोन्ही वेगळे करणं रेडिओलॉजिस्टलाही कठीण जातं. तो आवरणापासून फुग्यापर्यंत जाणारी बारीक मान शोधतो. पूची शंका असेल तेव्हा शिरेतून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन परत चित्रं घेतात. त्याआधी किडनीची क्रिएटिनिन तपासणी बघितली जाते. रिपोर्टाच्या कागदासोबत फिल्म किंवा सीडीही जपून ठेवा. सर्जन कागदापेक्षा ती आधी मागतो.

आता सिरिंज. गावातल्या डॉक्टरांचा हेतू वाईट नसेल, पण दोन मिनिटांचं हे काम दोन महिने महागात पडू शकतं. आतली पोकळी सध्या बंद आणि निर्जंतुक आहे, आणि ती थेट गादीपर्यंत, नसांच्या आवरणापर्यंत जाते. साध्या खोलीत सुई घातली की कातडीवरचे जंतू पहिल्यांदा आत जातात. पाणी मेंदूचं असेल तर सुईच्या भोकातून ते बाहेर यायला वाट मिळते. पाणी सिरोमाचं असेल तर ओढल्यावर पोकळी रिकामी होते आणि चार-पाच दिवसांत पुन्हा भरते. मग परत सुई, परत धोका. सर्जनही कधी कधी पाणी काढतात, पण फुगा कातडी ताणण्याएवढा मोठा किंवा दुखरा असेल किंवा पूची शंका असेल तेव्हा, निर्जंतुक खोलीत, सोनोग्राफीवर बघून. आणि काढलेलं पाणी फेकून न देता लॅबला पाठवतात.

गावातल्याच दवाखान्यात ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिकचं सलाईन लावतील, त्यालाही सध्या नाही म्हणा. ताप नाही, लाली नाही, तर त्याचा उपयोग नाही. पुढे खरोखरच जंतू निघाले तर उलटा तोटा होतो, कारण अँटिबायोटिक सुरू असलेल्या माणसाच्या पुवात जंतू लॅबमध्ये पुष्कळदा उगवत नाहीत आणि कोणतं औषध चालेल हे कळत नाही.

रुईच्या पानांचं सासूबाईंना समजावणं जरा नाजूक आहे, आम्हाला कल्पना आहे. उसण भरली की रुईचं किंवा एरंडाचं पान शेकून बांधायची रीत जुनी आहे आणि न चिरलेल्या पाठीवर शेकानं बरं वाटतंही. पण इथं खाली ताजी जखम आहे. शेकानं रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाणी जास्त झिरपतं. रुईचा चीक कातडीला लागला तर फोड येतात. अंगठा बधिर आहे तशी टाक्याभोवतीची कातडीही काही आठवडे कमी जाणवणारी असते, त्यामुळे भाजलं तरी माणसाला कळत नाही. बिबा तर त्याहून वाईट. तेल चोळणं, कमरेवर पाय देऊन घेणं, पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणं, यांतलं काहीही नको. सासूबाईंना काही करायचंच असेल तर इसबगोलाची जबाबदारी द्या. त्याबद्दल खाली सांगितलं आहे.

जंतुसंसर्गाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तो या टप्प्यातच डोकं वर काढतो. वरवरचा असेल तर टाक्याची कड लाल, गरम, दुखरी होते आणि पिवळा-हिरवा, वास येणारा द्राव येतो. तो डोळ्यांना दिसतो, म्हणून वेळेत कळतो. आतल्या गादीचा संसर्ग फसवा असतो. दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान, बरं चाललेलं असताना, कमरेत नव्यानं असह्य दुखणं सुरू होतं. अंथरुणात कूस बदलताना माणूस ओरडतो, पाठीचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, रात्री जास्त. ताप येईलच असं नाही, टाक्याची जागा वरून अगदी साफ असू शकते. म्हणून सकाळ-संध्याकाळ डिजिटल थर्मामीटर लावा, १००.४ च्या वर दोनदा आलं की कळवा. पण ताप नसताना कमरेचं दुखणं कमी व्हायचं सोडून वाढत चाललं, तरी कळवा. डॉक्टर सीआरपी आणि ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या सांगतील. सीआरपी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत सगळ्यांचाच चढतो आणि दोन आठवड्यांत जवळपास मूळ पातळीवर येतो. भाऊंचा सोळावा दिवस आहे, म्हणजे तपासणीला आज अर्थ आहे. आता तो खाली असेल तर मोठा दिलासा. खाली आलेला परत चढला तर शोध घ्यावाच लागतो. ईएसआर उतरायला आणखी आठवडे घेतो, एकट्या त्याच्यावर जाऊ नका.

ऑपरेशनच्या जागी आत रक्त साचून गाठ होणं हा प्रकार मुख्यतः पहिल्या दोन दिवसांतला. तो काळ मागे पडला आहे. पण हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी आता परत सुरू केली असेल तर लक्ष ठेवा.

आणि कारण काहीही असो, हे झालं तर दिवस न मोजता निघायचं : दोन्ही पायांत अचानक जड-बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, लघवीची भावना न होणं किंवा सहा-आठ तास लघवीच न होणं, नकळत शौच होणं, बसताना जमिनीला टेकतो तो भाग, म्हणजे गुदद्वार आणि जननेंद्रियाभोवतीची जागा बधिर होणं. शौचानंतर धुताना पाण्याचा गारवा जाणवतो का, एवढं विचारलं तरी हे कळतं. लाजून लोक हे सांगत नाहीत आणि उशीर होतो. नसांवरचा असा दाब काही तासांत काढला तर नसा परत येण्याची आशा चांगली असते, दिवस गेले की कमी होत जाते. १०८ ला फोन करताना ‘मणक्याच्या ऑपरेशननंतर पाय गेले, लघवी बंद’ असं स्पष्ट सांगा आणि एमआरआय व मणक्याचे सर्जन दोन्ही असलेल्या ठिकाणीच पोचवायला सांगा.

अंगठ्याच्या बधिरपणाची काळजी मात्र आज करू नका. एल-४ एल-५ च्या गादीनं कमरेची पाचवी नस (एल-५) दाबते आणि तिचा प्रदेश पावलाच्या वरच्या बाजूपासून अंगठ्यापर्यंत आहे. कळ लगेच जाते, बधिरपणा आठवडे-महिने रेंगाळतो, दीड वर्ष दबलेल्या नसेचा तर हमखास. रोज एकदा भिंतीला हात टेकून टाचांवर दहा पावलं चालायला सांगा आणि अंगठा वर उचलायला लावून तुमच्या बोटानं दाबून बघा. ताकद कालच्याएवढी असली की झालं. कमी झाली तर कळवायचं.

आता दिनक्रम. पहिली गोष्ट बाज. सुतळीची बाज मे महिन्यात अंगणात सगळ्यात गार, पण ती मधे झोळीसारखी खचते आणि रात्रभर कंबर वाकलेली राहते. दिवाण किंवा तख्त असेल तर ते अंगणात काढा, नाहीतर बाजेवर फळी टाकून वर सतरंजी-गादी घाला. उठताना सरळ उठून बसायचं नाही. गुडघे वाकवून, खांदा आणि कंबर एकदम फिरवून कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपरानं-तळव्यानं रेटा देऊन धड वर आणायचं. निजताना याच्या उलट. पंधरा दिवस झाले की माणसाला वाटतं आता बरं आहे, आणि नेमकं तेव्हाच हे सोडतात.

शौचाला उकिडवं बसणं अजून चार आठवडे तरी नको. तालुक्याच्या मेडिकल दुकानात कमोडची खुर्ची मिळते. नाहीच मिळाली तर मधे भोक पाडलेली प्लास्टिकची मजबूत खुर्ची चालते. जोर लावणं सगळ्यात घातक, कारण जोरासरशी आवरणातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि चीर असेल तर ती उघडते. ट्रॅमाडॉलसारख्या दुखणं कमी करणाऱ्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. रात्री एक मोठा चमचा इसबगोल ग्लासभर पाण्यात, आणि वरून आणखी एक ग्लास पाणी. दिवसाचं पाणी या उन्हात तीन लिटरच्या खाली येऊ देऊ नका, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं. पायातल्या झिणझिण्यांसाठी प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन सुरू असेल तर ‘बरं वाटतं’ म्हणून एकदम थांबवू नका, टप्प्याटप्प्यानं कमी करतात. या गोळीनं चक्कर येते, रात्री लघवीला उठताना सोबत राहा. डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं मारत फिरू नका. साधं पॅरासिटॅमॉल, ६५० ची गोळी दिवसातून तीनदा, पुरेसं होतं. लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर तेही विचारून.

कमरेच्या पट्ट्याबद्दल गैरसमज फार. पट्टा घट्ट आवळल्यानं फुगा दबत नाही, उलट ४४-४५ अंशांत घामानं कातडी मऊ पडून टाक्याची जागा फाटू शकते. गाडीत बसताना लावा, घरी काढून ठेवा, खाली सुती बनियन घाला. टाके निघून चार दिवस झाले आहेत आणि जागा कोरडी आहे, म्हणजे अंगावर पाणी घेऊन आंघोळ चालेल. घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. विहिरीत, तळ्यात उतरणं फुगा पूर्ण जिरेपर्यंत बंद.

खर्रा खात असतील तर त्याबद्दलही बोलावं लागेल. पत्रात नाही, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या ५१ वर्षांच्या शेतकऱ्याला हा प्रश्न न विचारणं म्हणजे डोळेझाक. तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला आणि गादीला रक्त कमी पोचतं आणि पोकळी भरायला उशीर होतो. सहा आठवडे तरी पूर्ण बंद. ‘थोडासा’ असं नसतं.

डोकेदुखीची चाचणी ‘नाही’ असेल तर चालणं हेच औषध. सकाळी सातच्या आत आणि सायंकाळी साडेसहानंतर, सपाट रस्त्यावर, दहा मिनिटांपासून वाढवत दोन्ही वेळा अर्ध्या तासापर्यंत. नांगरलेल्या वावरात नाही, ढेकळांत पाऊल वळतं. एका जागी बसणं अर्ध्या तासाच्या वर नको, आणि खाली मांडी घालून जेवणं सध्या नकोच, खुर्ची-टेबल किंवा उंच पाटावर ताट घ्या. मोटरसायकल साधारण सहा आठवडे बंद.

राहिला मृग. सरळ सांगतो, यंदाची पेरणी त्यांच्या हातून होणार नाही, फुगा असो वा नसो. गादीच्या आवरणाला जिथून तुकडा निसटला ते छिद्र भरायला निदान सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत वाकणं, पिळणं, उचलणं या तिन्हींनी नवा तुकडा बाहेर येऊ शकतो. एरवीही शंभरात पाच ते दहा जणांना तीच गादी पुन्हा त्रास देते. पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही. म्हणजे पाण्याची कळशीसुद्धा नाही, कारण पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५०, त्या तीन महिने तरी दुसऱ्यानंच उचलायच्या. ट्रॅक्टरची सीटही सहा आठवड्यांनंतर, सर्जनला विचारूनच. ट्रॅक्टरचे धक्के गादीला वाकण्याएवढेच नडतात. डवरणीच्या वेळेला सहा आठवडे होऊन गेले असतील, तरी डवऱ्यामागं चालताना पुढं झुकून दाबावं लागतं, ते नको. फवारणीचा पाठीवरचा पंप १६ लिटरचा, भरला की पंपासकट वीस किलोच्या आसपास, आणि त्याचा पट्टा नेमका टाक्याच्या जागी घासतो. ती या हंगामात मजुराकडून किंवा दिराकडून. कापूस वेचणी दसरा-दिवाळीच्या पुढं येईल, तेव्हा पाच-सहा महिने झालेले असतील. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकणं तेव्हाही एकदम नको, आधी तासभर, मग दोन तास असं वाढवायचं.

पेरणीच्या दिवशी त्यांना वावरात जायचंच असेल, आणि जायचं असणार, तर चालत, सकाळी, धुऱ्यावरच्या झाडाखाली खुर्ची टाकून. किती बियाणं सोडायचं, ओळीत अंतर किती ठेवायचं, हे ते तिथून सांगू शकतात. फक्त अर्ध्या तासानं उठून दहा पावलं टाकायची, आणि ट्रॅक्टर ढेकळात अडकला तरी ढकलायला धावायचं नाही.